मरियेचं डोहाळजेवण

"पारखे टीचर, आपला आई हिरवा कामून हाय?"

सिस्टर इन्नासम्मांनी हे विचारलं तेव्हा पारखेबाईंच्या एका हातात नववीच्या सहामाहीचा गठ्ठा होता आणि तोंडात लवंग. सिस्टर शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका, तेलंगणातून नांदेडला येऊन त्यांना चारच महिने झाले होते. मराठी त्या फाटकावरच्या भाजीवालीकडून शिकल्या होत्या. त्यामुळे 'कामून' अगदी अस्सल इथलं निघायचं, आणि आई मात्र पुल्लिंगी.

पारखेबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, सिमेंटच्या कोनाड्यात मरियामाता उभी होती. दोन्ही हात खाली पसरलेले, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, चेहरा शांत. आणि डोक्यापासून पायापर्यंत हिरवीगार. अशीतशी नाही, चुड्याच्या रंगाची हिरवी.

"लांबची गोष्ट आहे, सिस्टर."

"लांब नको. आठ डिसेंबर शाळेचा पन्नास वर्ष. बिशप येतो. आई निळा पायजे. तो ओटी, तो नारळ, तो जेवण, सगळा बंद. आणि स्मरणिकेत एक पान इतिहास. तुम्ही लिवा."

"मी तीस वर्षं हेच सांगून राहिले, सिस्टर, की हे बंद करा."

"मग झाला कामून नाही?"

पारखेबाईंनी लवंग चावली. याला उत्तर असतं तर त्या कधीच्या मुख्याध्यापिका झाल्या असत्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी जिना उतरताना त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. निळी होणार! त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि शेवटी का होईना, कुणीतरी वरूनच हुकूम काढला होता.

बाईंचं नाव सुवार्ता. वडील लातूरजवळच्या मुरुडला एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच. घरात भिंतीवर निळी शाल पांघरलेल्या मरियेची तसबीर होती. ती बघायला शेजारची पोरं यायची आणि बाहेर पडली की पत्र्याचे डबे बडवायची. एक पोरगा तर कासरा घेऊन पोतराजासारखा स्वतःच्या पाठीवर फटके मारल्याचं सोंग करायचा. "मरीआईवाली आली रे, मरीआईवाली!" मरीआई ती पटकीची, शिवेवर बसवलेली, रोगराई आली की गाड्यावर घालून पुढच्या गावाला ढकलून देतात ती. सुवार्ता घसा फोडून सांगायची, "मरीआई न्हाई रे, मरिया! मरिया!" कुणाला फरक पडायचा? पुढं तिनं मराठी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं. ते एका वेलांटीसाठी केलं असं ती हसत हसत सांगायची, पण तेवढं ते हसण्यावारी नव्हतं.

आणि नोकरी लागली ती या शाळेत, जिथं फाटकातच हिरवी मरीआई.

ही मूर्ती मुळात नांदेडची नव्हेच. ती लातूरकडच्या एका लहानशा मिशन शाळेतली. भूकंपात ती शाळा बसली, मूर्ती कडब्याच्या ढिगावर पडली म्हणून वाचली. दोन बोटांवर भागलं. तिकडं त्या दिवसांत अर्धापूरच्या बागायतदार आप्पासाहेबांनी केळ्यांचे ट्रक भरून पाठवले होते. परतताना रिकाम्या ट्रकात केळीच्या पानांत गुंडाळून मूर्ती नांदेडला आणली. तेवढ्यावरून आप्पासाहेबांच्या लक्ष्मीबाईंनी ठरवून टाकलं, की आपल्या ट्रकातून आली म्हणजे ही आपली लेक, आणि अर्धापूर हिचं माहेर. लक्ष्मीबाईंनी एकदा ठरवलं की त्यावर अपील नसे.

वाटेतल्या पावसानं रंग गेला होता. तेव्हाच्या सिस्टरनी देगलूर नाक्याच्या नासिर पेंटरला बोलावलं, आणि नासिरनं तिला हिरवी केली. मग आला आठ डिसेंबर. प्रार्थनेनंतर फादर माइकवर म्हणाले, "आज मातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण." भोंगा जुना, घशात खरखर. 'निष्कलंक' तिथंच अडकलं. 'गर्भसंभव' तेवढं फाटकाबाहेर गेलं. बाहेर लेकरांचे जेवणाचे डबे घेऊन थांबलेल्या बायांनी मान वळवून पाहिलं. अंगावर हिरवं. कडेवर बाळ नाही. आणि फादर स्वतःच्या तोंडानं गर्भ म्हणाले. आणखी काय सांगायला पाहिजे?

गोष्ट अर्धापूरला पोचली, आणि पुढच्या वर्षी आठ तारखेला लक्ष्मीबाई डोहाळजेवण घेऊन हजर.

पारखेबाईंनी समजवायचं काय बाकी ठेवलं होतं? "अहो लक्ष्मीबाई, हा मरियेच्या पोटातल्या बाळाचा सण नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली, त्याचा सण."

"म्हन्जे हिच्या आईला दिवस गेले?"

"हाव. तेच."

"मंग हिच्या आईचं सुदिक करू की. कुठं ऱ्हाती ती?"

"आणि बाळ तर पंचवीस तारखेला..."

"तेच म्हन्ते म्या! आठला गर्भ न् पंचवीसला बाळ? आवं, आमच्या म्हशीला सुदिक दहा महिने लागत्यात. तुमच्या फादरला ह्यातलं काही कळत न्हाई. कळंल कसं? ही पोटुशीच हाय, नववा चालू हाय. चला, व्हा बाजूला."

पारखेबाई बाजूला झाल्या. तीस वर्षं त्या बाजूलाच होत्या. दरवर्षी ओटीचे तांदूळ वेचायला मुंग्यांची रांग लागायची, दरवर्षी आबेदा मन्यारीण मूर्तीच्या पसरलेल्या हातांत हिरव्या बांगड्या चढवायची ("बीबी मरियमचा हात लई नरम, बाई, एक बांगडी फुटत न्हाई"), आणि दरवर्षी दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मुलगा होणार हे दोन हजार वर्षं साऱ्या दुनियेला ठाऊक. तरी वाट्या. एकदा बर्फी निघाली तर लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आसू द्या, लेकीबी काय वाईट न्हाईत."

यात आणखी एक रीत कधी शिरली ते पारखेबाईंनाही सांगता आलं नसतं. जिचं डोहाळजेवण घरी होत नाही ती इथं येऊन बसायची, मूर्तीच्या शेजारी, पारावर. कुणी पळून जाऊन लग्न केलेली, माहेर तुटलेली. कुणाची आई नाही. कुणाचं आधीचं बाळ गेलेलं, म्हणून घरचे घाबरून काही करत नाहीत. ओटी मरियेची भरायची आणि उरलेली हिची. कुणी काही विचारायचं नाही. हे मात्र पारखेबाईंना आवडायचं, आणि आवडतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

नासिरभाईंकडे त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. म्हातारा दुकानासमोर खुर्ची टाकून एका पाटीवरची मात्रा सुधारत होता.

"नासिरभाई, मला आज खरं सांगा. सिस्टरनी निळा सांगितला होता. तुम्ही हिरवा लावला कामून?"

"म्या न्हाई लावलो, बाई. फोटोनं लावला."

"फोटो कसा लावंल?"

"सिस्टरनं फोटो दिला, ह्याच्यात बघून कर म्हन्ली. फोटो जुना, पिवळा पडलेला. निळ्यावर पिवळं चढलं तर काय होतं? तुम्ही मास्तरीण, तुम्ही सांगा."

"हिरवं."

"झालं का? आपुन इमानदारीनं जे दिसलं ते लावलो. सिस्टर बगून रडली. म्या समजलो, खूश झाली."

पारखेबाईंनी डोक्याला हात लावला. तीस वर्षं ज्यासाठी जीव जाळला त्याचं मूळ म्हणजे एक पिवळा पडलेला फोटो!

"आता निळी करायची आहे. आभाळासारखी. सात तारखेच्या आत."

नासिरभाईंनी ब्रश पुसला. "करू की. पन सांगून ठेवतो, हिरव्यावर निळं एकदम बसत न्हाई. खालून बोलतं."

"बोलू द्या. मी ऐकणार नाही."

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर फाटकाशी पुनम उभी दिसली. पारखेबाईंची जुनी विद्यार्थिनी. सातवीत असताना हिनं निबंधात लिहिलं होतं, 'आमच्या शाळेत मरीआई आहे, ती पेपर सोपा काढते.' बाईंनी लाल पेनानं 'मरीआई' खोडून 'मरिया' केलं होतं आणि पुढच्या वाक्याखाली नुसतीच रेघ मारली होती. आता ती 'नीट' परीक्षेच्या क्लासच्या ऑफिसात काम करायची. ओढणी पुढं घेऊन, पिशवी पोटाशी धरून उभी होती, पण आठवा महिना पिशवीनं झाकतो थोडाच?

"अगं! कितवा?"

"हळू, बाई." ती इकडं तिकडं बघत हसली. "आठवा. पहिले दोन राहिले नाहीत ना, तर सासूबाई म्हणतात गाजावाजा नको, नजर लागते. घरात कुणी पोटाचं नावच घेत नाही बघा. जसा काय मला गॅस झाला."

पारखेबाईंना हसू आलं.

"नवरा?"

"तो पण आईसारखाच घाबरलेला. रात्री झोपेत हात ठेवतो पोटावर आणि जाग आली की काढून घेतो." तिनं कोनाड्याकडं पाहिलं. "मी आठ तारखेला येते, बाई. सुट्टी टाकली. हिच्याशेजारी बसले की माझंपण झालं. एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणावं, की हिला बाळ होणार आहे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

या वर्षी जेवण नाही, ओटी नाही, आणि मूर्ती हिरवी पण नसणार, हे सांगायला पारखेबाईंनी तोंड उघडलं. "बिशप येणारेत. गर्दी असेल," एवढंच निघालं.

"मी कोपऱ्यात बसेन."

"पाणी पीत जा भरपूर," असं म्हणून बाई ऑटोत बसल्या आणि घरापर्यंत स्वतःशी भांडत गेल्या. शाळेनं काय साऱ्या जिल्ह्याच्या सुनांचा मक्ता घेतलाय? मी सांगायला पाहिजे होतं. सांगेन. उद्या सांगेन. लक्ष्मीबाईंना तर निरोप धाडलाच होता, की यंदा काही आणू नका. त्यावर उलट निरोप आला, 'बरं बरं, केळी घरचीच हायती.' म्हणजे पोचलाच नव्हता. पुनमला मात्र त्यांनी फोन केला नाही. दिवसभर शंभर कामं, आणि त्या शंभरात हे एक रोज मागं राहिलं.

आठ तारखेला सकाळी पारखेबाई सगळ्यांच्या आधी आल्या. निळी मरिया! कोवळ्या उन्हात उभी, शालीची घडी न् घडी आभाळाच्या रंगाची. मुरुडच्या भिंतीवरची तीच शांत बाई. पारखेबाई पदराचं टोक तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. ती डबे बडवणारी पोरं आत्ता इथं असायला पाहिजे होती. आता म्हणा की काय म्हणायचं ते.

मंडप घातला होता. बिशपस्वामींची खुर्ची, तिच्यावर तुर्की टॉवेल, समोर माइक. सिस्टर इन्नासम्मा हार मोजत होत्या. दहा वाजता पाहुणे येणार होते.

साडेनऊला अर्धापूरची जीप आली.

पुढं लक्ष्मीबाई, हातात शालूचा खोका. मागं बाया, केळीचा घड, दहीभाताचं पातेलं, पुरणपोळ्यांची टोपली. त्यांच्यामागून बांगड्यांचं गाठोडं घेऊन आबेदा. आणि सगळ्यांत मागं, नवी साडी नेसलेली, आज पिशवी न धरता आलेली पुनम.

लक्ष्मीबाई कोनाड्यासमोर आल्या आणि थांबल्या. खोका त्यांच्या हातात तसाच राहिला.

"आगं बया."

"काय झालं?" मागून कुणीतरी.

"बाळंत झाली!"

"आत्ताच?"

"हिरवं उतरिवलं की अंगावरचं. वारं लागू नये म्हणून शाल पांघरली बघ, निळी. आवं पारखेबाई, कधी झाली? आम्हाला सांगितलं सुदिक न्हाई! माहेरच्याला निरोप द्यायची पद्धत हाय का न्हाई तुमच्यात?"

"अहो, काही झालेलं नाही! रंग दिलाय, रंग!"

"रंग कामून देता? नव्व्या महिन्यात घराला सुदिक कुणी रंग देत न्हाई."

"डिंक आणाया पाहिजे," एक बाई म्हणाली.

"खोबरं हाय माझ्याकडं," दुसरी.

"बीबी का तो हो गया दिसतंय," आबेदा गाठोडं खाली ठेवत म्हणाली, "पन मग बच्चा कुठं हाय?"

हे ती सहज म्हणाली. पण म्हटल्यावर सगळ्यांनी मूर्तीच्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हात खाली पसरलेले, रिकामे. एकात बोटं कमी. एवढी वर्षं ते हात बांगड्यांची वाट बघणारे हात होते. आज ते नुसते रिकामे होते.

एका बाईनं केळीचा घड हळूच खाली ठेवला. लक्ष्मीबाईंसारख्या लक्ष्मीबाई, त्यांनीही पदर डोक्यावर ओढून घेतला.

पारखेबाईंनी पुनमकडं पाहिलं. ती दोन पावलं मागं सरली होती. ओढणी नव्हती, पिशवी नव्हती, म्हणून तिनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले होते. पारखेबाईंना तिची नजर ओळखीची वाटली. पेपर वाईट गेलेल्या पोरीची नव्हे. निकाल आधीच माहीत असलेल्या पोरीची.

"जाते मी, बाई," ती म्हणाली. "घरी कळलं तर..."

"थांब."

पुनम वळलीच.

"थांब म्हटलं ना! तीस वर्षं कुणी माझं ऐकलंय का इथं? आज तरी ऐका!"

आणि पारखेबाई तरातरा मंडपात गेल्या. टॉवेल टाकलेल्या खुर्चीसमोरचा माइक त्यांनी उचलला. वायर ओढली गेली, भोंगा किंचाळला.

"पारखे टीचर!" सिस्टर इन्नासम्मा हार घेऊन धावल्या. "माइक बिशपचा हाय!"

"हो हो, देते." त्यांनी माइक तोंडाशी धरला. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, आता तो फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. "सगळ्यांनी ऐका. मरियेचं अजून झालेलं नाही. पंचवीस तारखेला आहे. दिवस भरत आलेत, तब्येत चांगली आहे. थंडी आहे म्हणून शाल दिली आहे, निळी मिळाली म्हणून निळी. यात घाबरण्यासारखं काही नाही. लक्ष्मीबाई, शालू काढा. आणि पुनम, तू इकडं ये. हिच्याशेजारी बस. ऐकलं का सगळ्यांनी? हिलाही बाळ होणार आहे. आमच्या पुनमला. आता बसून घ्या, मला ओरडायला लावू नका."

भोंगा खरखरला आणि गप्प झाला. टपरीवरचा एक माणूस उठून उभा राहिला होता, तो परत बसला.

आधी आबेदा हलली. पुनमचा हात धरून तिनं तिला पारावर बसवलं आणि तिचंच मनगट आधी हातात घेतलं. "बीबी थांबंल, तिला सवय हाय," म्हणत ती हिरव्या बांगड्या चढवायला लागली. पुनम रडत होती. बाया तिच्यावर खेकसत होत्या, "रडू नगं, पोराचे डोळे पान्यावानी व्हत्यात."

शालू नेसवायला लक्ष्मीबाईंचा हात पुरेना. गुडघे गेलेले, स्टुलावर चढवेना. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि खोका पारखेबाईंपुढं धरला. पारखेबाई स्टुलावर चढल्या. आभाळाच्या रंगावर हिरवा शालू घालताना त्यांना जवळून दिसलं, शालीच्या घड्यांत, जिथं नासिरभाईंचा ब्रश नीट शिरला नव्हता, तिथं खालचं हिरवं बोलत होतंच. शालूचं टोक त्यांनी तीन बोटांच्या हातावरून सोडलं. ते छान राहिलं. अडकायला जागा होती.

बिशपस्वामींची गाडी फाटकातून आली ती नेमकी दोन वाट्यांवरचं झाकण काढायच्या वेळी. सिस्टर इन्नासम्मा हार हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या होत्या, आणि पुतळा शालू नेसून. बिशपस्वामी खाली उतरले. केळीचा घड, दहीभात, रडत हसणारी गरोदर पोरगी आणि स्टुलावर चढलेल्या मराठीच्या बाई, हे सगळं त्यांनी चष्मा सरळ करून पाहिलं.

"हे काय आहे?"

सिस्टरनी पारखेबाईंकडं बोट दाखवलं. पारखेबाई स्टुलावरून उतरल्या. कपाळाला मूर्तीचा अजून ओला निळा रंग, पदराला तांदूळ.

"इतिहास आहे, बिशपस्वामी," त्या वैतागून म्हणाल्या. "एक पान सांगितलं होतं. मावला नाही. बसा, केळं घ्या. घरचं आहे."

बिशपस्वामींनी केळं घेतलं. दुसरं काय करणार? मागून लक्ष्मीबाई त्यांना वाटीतला पेढा द्यायला आल्या. पुनमनं तीच वाटी उघडली होती, आणि खुशीनं लक्ष्मीबाईंचा आवाज फुटत होता.

"पावली बरं का! आमची मरीआई पावली!"

"मरिया," पारखेबाई म्हणाल्या.

"हाव, तेच म्हन्ते म्या. मरीआई."

पारखेबाईंनी एक मोठा श्वास घेतला. मग पदरातले तांदूळ मुठीत गोळा केले आणि पुनमच्या ओटीत टाकले.